मुंग्यांची अक्षरं

पहिल्यांदा मला वाटलं, टीव्हीतली ती पोरगी सेल मागून राहिली. एस, ई, एल, एल. अक्षरं इतकी लख्ख होती की चष्मा कपाळावर असतानाही मला ती बसल्या जागेवरून लागली, आणि लागली याचाच एवढा आनंद झाला की पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. मी पाचवी शिकलेली. माझी एबीसीडी म्हणजे औषधांच्या पाकिटांवरून, एसटीच्या पाठीवरच्या जाहिरातींवरून आणि शॅम्पूच्या पुड्यांवरून गोळा केलेली. काढणी झालेल्या रानात बायका सरवा वेचतात तशी. तर सेल. गेममधल्या त्या माणसाच्या हातात बॅटरी असते, तिचा उजेड टाकत तो धुक्यातून चालतो. बॅटरी म्हटली की सेल आलेच. “सेल मागते,” मी म्हणाले, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणाऱ्या पोरीसारखी. प्रियदर्शनी, माझ्या दिराची मुलगी, नांदेडला कॉलेजात शिकते, ती रिमोट घेऊन नव्या टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. ती हसली. “न्हाई वो काकू, बॅटरीचे सेल न्हाईत. सेल म्हणजे विकणं. काही विकायचं का, म्हणून विचारून राहिली ती.” माझ्या हातात चमचा होता, चमच्यात ताकातल्या कण्या होत्या, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून, दात घट्ट मिटून हे पडले होते. “कोण विचारते?” मी म्हणाले. “हीच की. दुकानदारीण हाय ती, काकू. रस्त्यात जागोजागी भेटती. आपण गोळा केलेलं सामान हिला विकायचं, पैसे घ्यायचे अन पुढं जायचं. असं असतं गेममधी.” एवढं बोलून तिनं डोळ्यावर आलेला केस फुंकरीनं बाजूला केला. तिच्या दृष्टीनं काही झालंच नव्हतं.

चमच्यातल्या कण्या माझ्या लुगड्यावर सांडल्या ते मला कळलं नाही. म्हणजे गार काहीतरी मांडीला लागलं ते कळलं, पण ती मांडी माझी आहे असं वाटेना. टीव्हीत ती पोरगी उभी होती. गुडघ्यापर्यंतचा झगा, हातात झाकलेली टोपली, आणि या नव्या टीव्हीत तर तिच्या कपाळावरचे बारीक केसही दिसत होते. तिच्या पायाशी काळ्या पट्टीवर ती अक्षरं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तीही माझ्याकडे बघत राहिली. गेममधली माणसं काय, बटण दाबेपर्यंत तशीच बघतात. इतकी वर्षं ती आमच्या घरात त्या बॅटरीवाल्या माणसाची लेक होती. हरवलेली लेक. तो तिला शोधत गावोगाव फिरायचा, ती दर वळणावर त्याला दिसायची, एक वाक्य बोलायची आणि धुक्यात जायची. तिचं ते वाक्य मला पाठ होतं. दळताना, भांडी घासताना, औंढ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी ते मनात म्हटलं आहे. आणि आता दिराची पोरगी, जिचं जावळ मी माझ्या मांडीवर धरून काढलं, सांगते आहे की ती दुकानदारीण आहे. देवळात रोज हात जोडावेत आणि एक दिवस कोणी सांगावं, बाई, आत तर हळदीचं गोदाम आहे.

ह्यांना थंडीत लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. राहिला तो एकच शब्द, बराबर. तोच का राहिला हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. एखाद्याचा राहतो एखादा शब्द, म्हणाले, पूर ओसरल्यावर झाडाला चिंधी राहते तसा. चहा देऊ का, बराबर. दुखतं का, बराबर. शेजारच्या रुख्मिणीबाई त्यांची म्हैस मेली म्हणून रडत आल्या, तर ह्यांनी त्यांनाही बराबर सांगितलं, आणि त्या माउलीनं माझ्याकडे असं बघितलं की हसावं का तोंड लपवावं ते कळेना. बोलणं गेल्याचं मी सोसलं असतं. तसेही हे कमी बोलणारे. पण महिन्याभरापासून ह्यांनी तोंड उघडणंच सोडलं. चमचा ओठाला लावला की दात मिटतात, आणि स्टीलचा चमचा दातावर वाजतो. तो आवाज छोटासाच आहे. पण दिवसभर तो माझ्या कानात राहतो, कुणीतरी बाहेरून कडी वाजवावी आणि आतल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करावं तसा. गिळता येत नाही असं नाही, असं डॉक्टर म्हणाले, गिळायचं नाही त्यांना. सोमवारी घेऊन या, नाकातून नळी टाकू. आणि एकदा नळी टाकली की मग, असं म्हणून ते थांबले. ते थांबले ते मला आवडलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, तोवर त्यांच्या आवडीचं काही जुनं असेल तर समोर ठेवा, गाणं, फोटो, काहीही. त्यावरून मला गेम आठवला. कपाटावर जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला तो काळा डबा.

तो डबा अशफाकनं आणला होता. अशफाक आणि ह्यांचं डेपोजवळ एकच दुकान, अर्ध्यात ह्यांची टीव्हीदुरुस्ती, अर्ध्यात त्याचे मोबाईल. मधे भिंत नाही, एक बाकडं, आणि त्या बाकड्यावर दोघांचे वाद. अशफाकचा मेहुणा हैदराबादेत. त्याच्या पोरांनी वापरून टाकलेला हा गेम अशफाक घेऊन आला आणि दुकानातल्या पेटीच्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन खोचून दोघांनी तो लावला. मी ह्यांचा जेवणाचा डबा पोचवायला गेले होते. चित्र आलं, माणूस आला, धुकं आलं, आणि खाली अक्षरांच्या जागी मुंग्या. बारीक, पांढऱ्या, एकमेकीवर चढलेल्या मुंग्या. अशफाक टीव्हीला नाक लावून बघतो, मागं सरकतो, डोळे बारीक करतो. “ह्या कंपनीला काही अक्कल?” तो म्हणाला. “म्हणे एचडी टीव्हीसाठी बनवलाय. तो टीव्ही अख्ख्या हिंगोलीत एका घरात दाखवा मला. कळमनुरीत तर न्हाईच. आधी टीव्ही सस्ता होऊ द्या, गरीबाच्या घरात येऊ द्या, मंग काढा म्हणावं असलं डबडं. हे कसं झालं भाभी, नवरदेव मंडपात अन नवरी अजून पाळण्यात.” मी हसले. हे हसले नाहीत. हातातला, तारा झाळायचा तापलेला कावीया त्यांनी स्टँडवर ठेवला. “न्हाई अशफाक. बराबर केलं त्याहीनं,” ते म्हणाले. “त्याहीनं हे आजच्यासाठी न्हाई बनवलं. लेकराला चपला घेताना आपण बोटभर मोठ्या घेतो का न्हाई? पाय वाढणार हाय म्हणून घेतो. टीव्ही वाढंल. आज ढिलं होतं म्हणून उद्याचं मापच घ्यायचं न्हाई का मंग.” एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. अशफाकनंही ऐकलं नसावं. मग तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. कारण आमच्या घरी अशी बोटभर मोठ्या चपलेची एक जोडी होती, लाल, बक्कलाची, आणि तिच्यात पाय कधी पुरा भरला नाही.

आमची लेक मुन्नी सहा वर्षांची होती. नाव तिचं दुसरंच ठेवलेलं, पण अशफाकच्या आईनं, खतीजाबीनं, कानात मुन्नी म्हटलं आणि तेच चिकटलं. ताप डोक्यात गेला. जीपनं नांदेडला नेताना कळमनुरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक बाभळीची रांग आहे, तिथून पुढं नांदेडला जायची गरज राहिली नाही. ते सगळं झालं, आणि मग ह्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं. मी घेतलं की उठून जायचे. रागानं नाही. पाणी प्यायला जावं तसं उठायचे आणि परत यायचे तेव्हा ओठ कोरडेच. मीही मग बंद केलं. एका घरात दोन माणसं एकाच नावाला वळसा घालून चालायला लागली की घर फार मोठं होतं. तीन खोल्यांचं घर, पण भेट होईना. गेम दुकानातून घरी आला तो गिऱ्हाईकं गर्दी करतात म्हणून. संध्याकाळी जेवणाआधी हे खाटेवर बसून खेळायचे आणि मी खाली देवाच्या वाती वळत बसायचे. मला त्यातलं काय कळणार? माणूस चालतो, थांबतो, पडकं घर, पूल, विहीर. मग पहिल्यांदा ती पोरगी आली. धुक्यातून आली, टोपली घेऊन, त्या माणसासमोर उभी राहिली आणि तिच्या पायाशी मुंग्या धावल्या. “काय म्हणते?” मी सहज विचारलं. हे टीव्हीकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, वाचतात. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, त्यात टीव्हीवाला, एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला कशी हो लागतात ही अक्षरं, तर म्हणाले होते, “टीव्हीवाल्याला टीव्ही वाचता न्हाई आला तर कोणाला येईल?” तर बराच वेळ बघून, घसा खाकरून हे म्हणाले, “लेक हाय ती त्याची.” आणि पुन्हा थांबून, “विचारून राहिली, बाबा, जेवला का.”

माझ्या हातातली वात मोडली होती, अजून आठवतं. मुन्नी दुपारी ह्यांचा डबा घेऊन दुकानात जायची. रस्ता ओलांडायला खतीजाबी असायची, पण डबा तिच्याच हातात पाहिजे. आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून विचारायची, “बाबा, जेवला का?” रोज. आणि हे म्हणायचे, “कसा जेवीन बाई, डबा तर तुझ्यापाशी हाय.” आणि ती रोज अशी चकित व्हायची जशी आजच कळलं. हे सगळं माझ्या अंगावरून एकदम गेलं. मनात म्हणाले, बघ, कुठली कंपनी, कुठला देश, तिथल्याही पोरी बापाला हेच विचारतात. एवढी मोठी गोष्ट मला त्या दिवशी कळली असं मला वाटलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती गोष्ट पुढं सरकायची. माणूस हळू चालतो, तर का, तर त्याचे पाय दुखतात, चालून चालून. विहिरीवरची म्हातारी काय म्हणते? म्हणते, तुझी लेक आत्ताच इथून गेली, वेणी घालून गेली, मी घातली वेणी. पुलावरचा माणूस? तो म्हणतो, नको शोधू, तिला काही कमी न्हाई तिकडं, फक्त तू जेवत जा. हे सांगताना ह्यांची नजर टीव्हीवर आणि माझी वातीवर. त्या घरात दोघांची भेट व्हायची जागा तेवढी एक झाली. मला तर त्या गेम लिहिणाऱ्याचं अप्रूप वाटायला लागलं. कोण असेल हा? त्याची गेली असेल का पोरगी? बायको असेल का, बोलत असतील का दोघं? एका श्रावणात औंढ्याला गेले तेव्हा नागनाथाला मी त्याच्या नावानं नारळ फोडला. नाव माहीत नव्हतं. म्हणाले, देवा, तो जो कोण कंपनीवाला आहे, ज्याची पोरगी गेली, त्याला शांत झोप लागू दे.

“काकू, हे तर लईच भारी काम,” प्रियदर्शनी म्हणाली आणि मी मनानं खोलीत परत आले. तिनं बटणं दाबून काहीतरी उघडलं होतं. पडद्यावर चौकोनच चौकोन, चौकोनात दोऱ्या, बाटल्या, किल्ल्या, चाकू, एक फुटका आरसा. “काकांनी इतक्या वर्षांत हिला एक बी वस्तू विकली न्हाई. थैली गच्च भरलीय. म्हणून तर हा माणूस असा पाय ओढत चालून राहिला. वजन झालं की हळू चालतो तो.” “पाय दुखतात त्याचे,” मी म्हणाले. “न्हाई वो, वजन. विकलं असतं तर पळाला असता. एवढ्यात गेम संपला असता.” मी म्हणाले, विहिरीवर एक म्हातारी असते, तिच्याकडे ने. तिनं नेलं. म्हातारीच्या पायाशी अक्षरं आली, गरगरीत, काळ्यावर पांढरी, एकेक वेगळी. प्रियदर्शनीनं वाचून सांगितलं, म्हातारी म्हणते, पाण्याची बाटली भरायची असेल तर चौकोनी बटण दाबा. पुलावरचा? तो म्हणतो, पूल तुटला आहे, दुसऱ्या रस्त्यानं जा. “तेवढंच?” “तेवढंच, काकू.” वेणी? मी विचारलं नाही. ओठापर्यंत आलेलं ते मी गिळलं. बाहेर कुणीतरी हळदीचं पोतं ओढत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता, आणि मला वाटलं, हा आवाज किती वेळचा येतो आहे? खोलीतलं सगळं होतं तिथंच होतं, घडवंचीवरची गादी, देव, कॅलेंडर, पण प्रत्येकाची कड टोकदार झाली होती, नव्या टीव्हीतल्यासारखी. मुंग्या नव्हत्या. कुठंच मुंग्या नव्हत्या. म्हणजे म्हातारी नाही, वेणी नाही, लेक नाही, कंपनीवाला नाही. म्हणजे मग कोण? कोण बोलत होतं इतकी वर्षं माझ्याशी?

मी खाटेकडे बघितलं. ह्यांची पाठ. बनियनची पट्टी खांद्यावरून घसरलेली, मानेवर पांढरे केस, आणि कानामागचा तो खळगा, जो मुन्नीच्याही कानामागं होता. सकाळी हा टीव्ही भिंतीला लागला, चित्र आलं, मी म्हणाले, बघा, तुमचा गेम, आणि ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. आम्हाला वाटलं, उजेड टोचला. उजेड! मला एकदम आठवलं, आणि आठवलं म्हणजे पाय घसरावा तसं झालं. चपटे टीव्ही आले, मग सस्ते झाले, मग गल्लीत प्रत्येकाकडं झाले. चतुराबाई भाजीवालीकडे भिंतभर टीव्ही आला. ह्यांच्याकडे दुरुस्तीला पेट्या येणं बंद झालं, हे दुसऱ्यांच्या घरी जाऊन चपटे टीव्ही बसवून द्यायला लागले, आणि आमच्या घरात मात्र तीच पेटी. कितीदा म्हटलं मी. अशफाकनं टोमणे मारले, “चांभाराच्या पायात चप्पल न्हाई म्हणतात ते खोटं न्हाई, भाऊ.” हे म्हणायचे, डोळ्याला टोचतं. ज्या माणसानं बाकड्यावर बसून कंपनीची बाजू घेतली होती, टीव्ही वाढंल म्हणाला होता, त्यानंच आपल्या घरात टीव्ही वाढू दिला नाही. मी त्याला हट्ट समजत होते, कंजूषपणा समजत होते. चपट्या टीव्हीवर मला अक्षरं वाचता आली असती. एवढंच. मी सरवा वेचत वेचत एबीसीडीपर्यंत आले होते हे ह्यांना माहीत होतं. औषधाच्या पाकिटावरचं नाव मी मोठ्यानं वाचलं की हे मान वर करून बघायचे, कौतुक वाटतं म्हणून बघतात असं मला वाटायचं. भीतीनं बघत होते. माझ्याकडे अक्षरं वाढत होती, बाजारात टीव्ही वाढत होते, आणि हा माणूस दोन्हीच्या मधे ती फुटकी पेटी धरून उभा होता.

दारात चपला वाजल्या आणि अशफाक आला. त्याच्या कपाळावर घाम, हातात स्क्रू-ड्रायव्हर. भाऊला गेम नीट दिसावा म्हणून नवा टीव्ही त्यानंच आणलेला, जुनी पेटी काढून त्यानंच भिंतीला लावलेला. “काय भाभी, साफ दिसून राहिलं ना? कशी अक्षरं हायेत बघा, मोत्यासारखी. तेव्हा म्हणत होतो ना मी, कंपनीनं घाई केली. आता कुठं बराबर जोडी जमली डब्ब्याची अन टीव्हीची. चौदा-पंधरा साल लागले.” मग त्याची नजर खाटेवर गेली. “अन भाऊ अजून रुसलेलेच?” “अशफाकभाई,” मी म्हणाले, “ह्यांना इंग्रजी वाचता यायचं ना?” तो हसला. “भाऊला? अवं भाभी, सर्किटच्या कागदावरचं सुदिक मी वाचून देत होतो. दहावीत इंग्रजीतच तर नापास झाला दोनदा. तुमाला न्हाई सांगितलं? लगीन ठरताना पास म्हणून सांगितलं असंल. तेवढं चालतं.” खाटेवरून आवाज आला, “बराबर.” भिंतीकडे तोंड असतानाच. अशफाकला तो विनोद वाटला, तो आणखी हसला, पण मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला, काढला, पुन्हा घातला. “तकलीफ होत असंल भाऊला याची, तर पेटी परत लावतो मी. टेम्पोतच हाय अजून, उतरवली न्हाई. भाभी, तुमी म्हणाल तसं. परवा सोमवार हाय. पेटीवर बघून चार घास खाल्ले तर खाल्ले.”

पेटी परत लावायची. किती सोपं होतं. मुंग्या परत येतील, पोरगी परत लेक होईल, हे इकडे तोंड करतील. मला काही कळलंच नाही असं मी दाखवीन, ह्यांनी आयुष्यभर दाखवलं तसं. आणि मग ती येईल, टोपली घेऊन उभी राहील, आणि सांगायला कोण आहे? ज्याला ते वाक्य येत होतं त्याच्या तोंडात एकच शब्द उरलेला. पेटी लावली तर मुंग्या येतील, वाक्य येणार नाही. दोघं बसून राहू मुंग्या बघत. कंपनीनं घाई केली की बराबर केलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्यापुरतं मला एवढं कळत होतं की अक्षरं तेव्हाच मोठी असती, तर पहिल्याच संध्याकाळी ती पोरगी दुकानदारीण निघाली असती, ह्यांनी तिला दोर विकला असता, आरसा विकला असता, पळत पळत गेम संपवला असता, आणि आम्ही दोघं, हे तिघांचं घर होतं हे विसरून, जेवायला बसलो असतो. ढिल्या चपलेत जी जागा उरते ना, बोटभर, तेवढ्या जागेत हा माणूस इतकी वर्षं राहिला. आणि मला राहू दिलं.

“टेम्पो जाऊ द्या,” मी म्हणाले. “प्रिया, तू अशफाककाकांना चहा करून दे बाई, मागच्या ओट्यावर. अन तो रिमोट मला दे. तिच्यासमोर कसं जायचं तेवढं सांग.” तिनं माणूस पोरीसमोर नेऊन उभा केला, रिमोट माझ्या हातात दिला, गोल बटण म्हणजे नाही आणि फुलीचं म्हणजे हो, एवढं सांगितलं. दोघं गेले. मागून कपबशांचा आवाज यायला लागला. मी खाट धरून ओढली. लोखंडी खाट, फरशीवर किंचाळली. थोडी ओढली, मग डोक्याकडून, मग पायाकडून, जशी सारवताना जड कोठी सरकवतात, आणि ह्यांचं तोंड टीव्हीकडे आलं. ह्यांनी डोळे मिटले. डावा पुरा, उजवा अर्धाच मिटतो आता. त्या अर्ध्या डोळ्यातून ह्यांना दिसतं हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे ह्यांना. मी टीव्हीजवळ गेले. पोरगी माझ्या खांद्याएवढी दिसत होती. तिच्या कपाळावरचे केस, टोपलीवरचा चौकड्याचा कपडा. इतकी वर्षं ती नुसती पांढरट डाग होती, आणि त्या डागाला कोणाचंही तोंड बसत होतं. हिला मुन्नीचं तोंड नव्हतं. अजिबात नव्हतं. मी ते नीट बघून घेतलं, एकदाच.

मग मी काळ्या पट्टीवर, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. पोरं अंकलिपीवर ठेवतात तसं. काच कोमट होती. हे बघत होते. डावा डोळाही आता उघडा होता, आणि त्यात भीती होती. चोरी सापडल्यावर माणूस बघतो तसे हे माझ्या बोटाकडे बघत होते. एस. बोट पुढं सरकवलं. ई. मग दोन उभ्या काड्या, एल, एल. सगळी अक्षरं मला लागत होती हे ह्यांना दिसेल इतक्या सावकाश मी बोट नेलं. तोंड उघडलं आणि आवाज येईना. तेव्हा कळलं, हे बराच वेळ टीव्हीकडे बघायचे आणि मला वाटायचं, वाचतात, तो वेळ वाचायचा नव्हता. तो वेळ एवढ्या वाक्याला लागणारा होता. मला तर अजून जास्त लागला. मागच्या ओट्यावर अशफाक काहीतरी बोलला, प्रियदर्शनी हसली, कपबशी वाजली. मी घसा खाकरला.

“लेक हाय ती त्याची,” मी म्हणाले. “विचारून राहिली, बाबा, जेवला का.”

पोरगी बघत राहिली. ह्यांचा डावा हात चादरीवर होता, तो मूठ झाला आणि सुटला. ओठ हलले, आवाज लगेच आला नाही, आणि मला वाटलं नको, नको येऊ दे, नाहीतर म्हशीच्या वेळी म्हटलं तसंच असायचं हेही.

“बराबर,” हे म्हणाले. शाळेतल्या मास्तरनं पाटी तपासून परत द्यावी तसं.

मी ओट्याकडे पाठ करून खाटेवर बसले, कण्यांची वाटी मांडीवर घेतली आणि चमचा ह्यांच्या ओठाला लावला. दातावर वाजला नाही. आत गेला. अर्ध्या कण्या हनुवटीवरून खाली आल्या, त्या मी बोटानं पुसल्या. अर्ध्या राहिल्या, आणि गळ्याचा मणी वर जाऊन खाली आलेला मी बघितला. मला त्या वेळी नागनाथाचा नारळ आठवला. तो काही चुकीच्या माणसाच्या नावानं फुटला नव्हता. दुसरा चमचा भरण्याआधी मी रिमोट घेतला. पोरगी अजून उभी होती, विचारत होती. मी गोल बटण दाबलं, काही विकायचं नाही म्हणून, आणि तो माणूस त्याची गच्च भरलेली थैली घेऊन, पाय ओढत, पुढं चालायला लागला.